शंका-समाधान : विषय ठरला, पण प्रश्न कुठे आहे?

संशोधनाचा विषय हाती आहे, पण त्यातून प्रश्न कसा काढायचा, या अडचणीबद्दल बरीच पत्रं आली. एकसारख्या शंका एकत्र करून उत्तरं दिली आहेत. काही शंका दोन ओळींत मिटतात, काहींसाठी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागेल.

माझा विषय 'मोबाइलच्या वापराचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम' असा आहे. गाईड सर म्हणतात, फार मोठा आहे, लहान करून आणा. मी 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर' असं केलं, तरी त्यांना पटलं नाही. आणखी किती लहान करू?

तुमच्या वाक्यात अजून प्रश्नचिन्हच नाही, सरांची अडचण बहुधा तिथेच आहे. शीर्षकात एक विशेषण वाढवलं की विषय थोडा आखडतो, पण काय शोधायचं ते काही कळत नाही.

'वापर', 'विद्यार्थी' आणि 'परिणाम' हे तीन शब्द कागदावर लांब लांब लिहा. प्रत्येकाखाली त्याचे पाच-सहा अर्थ मांडा. वापर म्हणजे दिवसभराचे तास, रात्रीचा वापर, तासाला येणारी नोटिफिकेशन्स, की फक्त व्हिडिओ पाहणं? परिणाम म्हणजे झोप, गुण, एकाग्रता, डोळ्यांचा त्रास, की मैत्री? आता प्रत्येक शब्दाखालचा एकच अर्थ ठेवा, बाकीच्यांवर काट मारा. काट मारताना जीव तुटतो, हे खरं आहे. पण तिन्ही शब्दांचे पाच-पाच अर्थ ठेवलेत तर तुमच्याकडे एकशेपंचवीस प्रबंध होतात.

समजा 'रात्रीचा वापर' आणि 'झोप' उरले. आता मसुदे करायचे.

पहिला मसुदा : मोबाइलमुळे विद्यार्थ्यांची झोप कमी होते का?

दुसरा : अंथरुणात मोबाइल वापरणारे विद्यार्थी न वापरणाऱ्यांपेक्षा कमी झोपतात का?

तिसरा : वसतिगृहात राहणाऱ्या, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये, दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाहून जास्त मोबाइल वापरलेल्या रात्री आणि अजिबात न वापरलेल्या रात्री, एकाच विद्यार्थ्याच्या झोपेत किती मिनिटांचा फरक पडतो?

दुसऱ्या मसुद्यात तुलना आली, पण ती वेगवेगळ्या माणसांची आहे. रात्री मोबाइल पाहणारी मुलं मुळातच जास्त काळजी करणारी किंवा उशिरा झोपणारी असतील, तर दिसणारा फरक मोबाइलचा की स्वभावाचा, हे सांगता येणार नाही. तिसऱ्या मसुद्यात त्याच विद्यार्थ्याच्या दोन प्रकारच्या रात्री समोरासमोर ठेवल्यामुळे स्वभावाचा गुंता बराचसा सुटतो. पूर्ण सुटत नाही, कारण झोप येत नाही म्हणूनही माणूस मोबाइल हातात घेतो. त्यामुळे नोंदवहीत 'मोबाइल का घेतला?' असा एक रकाना हवाच. शिवाय 'कमी होते का' जाऊन 'किती मिनिटांचा' आलं. त्यामुळे चार मिनिटांचा फरक निघाला, तर तो नगण्य आहे असं म्हणायची सोय राहते.

मोजमापही प्रश्नाबरोबरच ठरवा. 'तुम्ही रोज किती वेळ मोबाइल वापरता?' याचं उत्तर आणि फोनमध्ये आपोआप होणारी स्क्रीन-टाइमची नोंद यांत तफावत असते. चौदा दिवस रोज सकाळी भरायची छोटी नोंदवही आणि जोडीला फोनमधली नोंद, एवढं एका विद्यार्थ्याला झेपण्यासारखं आहे.

थांबायचं कधी? तिसरा मसुदा विषय माहीत नसलेल्या वर्गमित्राला द्या. कोणाकडे जायचं, काय टिपायचं आणि कशाची कशाशी तुलना करायची, हे त्याला निव्वळ त्या वाक्यावरून सांगता आलं, की थांबा. त्यापुढे 'दुसऱ्या मजल्यावरचे विद्यार्थी' वगैरे करत गेलात, तर जे उत्तर मिळेल त्याचा त्या मजल्याबाहेर कोणाला उपयोग नसेल.

दोनशे पेपर डाउनलोड केले आहेत. वाचतोय, पण प्रश्न सुचत नाही. सगळीकडे 'यावर पुरेसं संशोधन झालेलं नाही' असंच लिहिलेलं असतं.

दोनशे बाजूला ठेवा. गेल्या काही वर्षांतले एक-दोन आढावा लेख आणि त्यांत पुन्हा पुन्हा उल्लेख येणारे पंधरा ते वीस पेपर, एवढ्यावर सुरुवात होते. एक तक्ता करा आणि प्रत्येक पेपरला एक ओळ द्या. रकाने असे : त्यांचा नेमका प्रश्न काय, कोणावर अभ्यास केला, काय आणि कशाने मोजलं, काय निघालं, लेखकांनी स्वतः कोणत्या मर्यादा सांगितल्या. पहिला रकाना भरणं सर्वांत त्रासाचं असतं, कारण निम्म्या पेपरांत प्रश्न स्पष्ट लिहिलेलाच नसतो, तो तुम्हाला ताडावा लागतो. कुरकुर न करता हा रकाना भरा, कारण प्रश्न कसा घडतो ते याच कामातून हाताला कळतं.

तक्ता भरल्यावर ओळी आडव्या न वाचता रकाने उभे वाचा. 'काय निघालं' या रकान्यात दोन पेपर एकमेकांविरुद्ध बोलत असतील, तर त्यांच्या नमुन्यात (अभ्यासासाठी निवडलेल्या लोकांत) किंवा मोजमापात काय वेगळं होतं ते पाहा. त्या वेगळेपणात एक प्रश्न दडलेला असतो. 'कशाने मोजलं' या रकान्यात सगळीकडे फक्त प्रश्नावली दिसली, तर दुसऱ्या पद्धतीने मोजल्यावर तेच निघेल का, हाही प्रश्न होतो. एकच निष्कर्ष दोन वेगळ्या कारणांनी समजावला जात असेल, तर ती दोन कारणं जिथे वेगळे निकाल देतील अशी परिस्थिती शोधा. हा प्रकार सर्वांत अवघड आहे आणि आमच्या मते सर्वांत मोलाचाही.

'अमुक ठिकाणी, अमुक गटावर कोणी केलेलं नाही' एवढ्यावर मात्र विसंबू नका. कोणी केलं नाही याचं कारण कधी कधी 'करण्यासारखं काही नव्हतं' असंही असतं. त्या गटात उत्तर वेगळं येईल असं मानायला तुमच्याकडे कारण असेल, तरच ती जागा खरी रिकामी समजा.

नवे पेपर उघडल्यावर संदर्भयादीतली बहुतेक नावं ओळखीची वाटू लागली, की वाचन थांबवून मसुदा लिहायला घ्या.

शीर्षकात 'परिणाम' शब्द वापरला म्हणून सिनॉप्सिस परत आला. 'संबंध' लिहा म्हणाले. एका शब्दाने असा काय फरक पडतो?

पडतो, कारण प्रश्नातलं क्रियापद तुम्हाला पद्धतीशी बांधून टाकतं. 'किती जणांत आढळतं' म्हटलं की निवडलेल्या नमुन्याने सगळ्या गटाचं प्रतिनिधित्व करायला हवं. 'संबंध' म्हटलं की दोन गोष्टी एकत्र बदलतात का, एवढंच दाखवायचं असतं. 'परिणाम' म्हटलं की हे झालं नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर द्यावं लागतं, म्हणजे तुलनेचा गट लागतो आणि इतर कारणं वगळायची तजवीज लागते. 'अनुभव कसा असतो' म्हटलं की मोठ्या नमुन्यापेक्षा खोल मुलाखती लागतात. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर 'परिणाम' पेलत नाही, म्हणून तो परत आला.

प्रयोग न करताही 'परिणामा'जवळ जाता येतं. फक्त तुलना हुशारीने निवडायला हवी. याचं जुनं आणि अजूनही उत्तम उदाहरण म्हणजे लंडनमधली १८५४ची कॉलऱ्याची साथ. कॉलरा पाण्यातून पसरतो असं डॉ. जॉन स्नो यांचं म्हणणं होतं, दूषित हवेमुळे होतो असं बहुतेकांचं. 'कॉलरा कशामुळे होतो?' एवढ्याच प्रश्नावर वाद मिटला नसता. गरीब वस्तीत मृत्यू जास्त होते, पण तिथे हवाही वाईट होती आणि पाणीही. स्नो यांनी दक्षिण लंडनचा असा भाग घेतला, जिथे एकाच रस्त्यावरच्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्या पाणी पुरवत होत्या. त्यांतल्या लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा टेम्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्याच्या पलीकडे हलवला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातूनच पाणी उचलत होती. हवा तीच, रस्ता तोच, आर्थिक स्तर मिसळलेला. वेगळं होतं फक्त पाणी. प्रश्न झाला : ज्या घरांत मृत्यू झाले, त्यांना पाणी कोणाचं होतं, आणि दर दहा हजार घरांमागे मृत्यू किती? साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचं उत्तर आलं : साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या घरांत ३१५, लॅम्बेथच्या घरांत ३७.

आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. आपल्याला पाणी कोणती कंपनी देते, हे अनेक रहिवाशांना माहीतच नव्हतं. स्नो यांनी सिल्व्हर नायट्रेट घालून पाण्यातल्या मिठाचं प्रमाण तपासलं. शहरातून उचललेल्या पाण्यात मीठ कितीतरी जास्त होतं. म्हणजे प्रश्न नेमका झाल्यावर तो मोजायचा कसा, हेही त्यांना शोधून काढावं लागलं.

तुमच्या बाबतीत अशी तुलना हाताशी नसेल, तर 'संबंध' लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. आमच्यात चल (मोजता येणाऱ्या, बदलत्या गोष्टी) नाहीत, प्रयोग नाहीत. विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये 'गृहीतक' हा रकाना आहे म्हणून काहीतरी लिहावं लागतं. आम्हाला प्रश्न कसा ठरवायचा?

तुमच्याकडे चल नसतील, पण साधनं आहेत आणि आधीच्या अभ्यासकांनी मांडलेली विधानं आहेत. प्रश्न या दोन्हींच्या मधे उभा करायचा. 'वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि स्त्रिया' हा विषय घ्या. आधीच्या अभ्यासकांचं म्हणणं समजा असं आहे की, जाहिरातींत स्त्री फक्त गृहिणी म्हणून दिसते. मग प्रश्न असा बांधता येईल : अमुक दोन वर्तमानपत्रांच्या या वीस वर्षांतल्या जाहिरातींत स्त्रीला उद्देशून लिहिलेला मजकूर कोणत्या भूमिकांना हाक देतो, आणि त्या भूमिका कोणत्या टप्प्यावर बदलतात? साधन, काळ आणि तपासायचं विधान, तिन्ही आले.

मग साधनालाच उलट विचारा. जाहिरात कोणी दिली, कोणाला परवडत होती, वर्तमानपत्र कोण वाचत होतं? वाचणारी स्त्री काय समजली, हे जाहिरातीत सापडणार नाही. त्यासाठी पत्रं किंवा दैनंदिनी हव्यात. त्या नसतील तर प्रश्नातला 'स्त्रियांवर काय प्रभाव पडला' हा तुकडा काढून टाका. प्रश्न कितीही सुंदर असला, तरी साधनं ज्याबद्दल मुकी आहेत ते विचारून उपयोग नाही. म्हणून मसुदा पक्का करण्याआधी दोन-तीन महिन्यांचे अंक प्रत्यक्ष चाळा. कोणते अंक गहाळ आहेत, कोणती पानं फाटली आहेत आणि एका दिवसात किती अंक पाहून होतात, ते टिपा. वीस वर्षांचा हिशेब त्यावरून लगेच कळतो. तो जमत नसेल, तर दर पाचव्या वर्षाचे अंक घ्या आणि तसं का केलं ते लिहा.

फॉर्ममधल्या रकान्यात तपासायचं विधान लिहा, तुमचं काम चुकणार नाही.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात 'पिको' शिकवलं आहे. सगळे प्रश्न त्यात बसवायचे का?

उपचारांची तुलना असेल तरच. पिको ही १९९५ मध्ये वैद्यकीय प्रश्नांसाठी मांडलेली चौकट आहे : कोणते रुग्ण, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम. उदाहरणार्थ, स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या, फोमच्या गादीवर झोपवलेल्या वृद्ध रुग्णांत दर दोन तासांनी कूस बदलल्यास, दर चार तासांनी बदलण्याच्या तुलनेत, चौदा दिवसांत दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्याच्या नव्या बेडसोरचं प्रमाण कमी होतं का? विद्यार्थी हमखास गाळतात ती तुलना आणि कालावधी. 'नेहमीची शुश्रूषा' असं मोघम लिहिलं तर ती वॉर्डागणिक वेगळी निघते.

रुग्णाच्या मनावर काय गुजरतं, असा प्रश्न असेल तर पिकोत कोंबू नका. तिथे उपायही नसतो आणि तुलनाही.

शंभर फॉर्म आधीच भरून घेतले आहेत, पस्तीस प्रश्नांचे. आता त्यांतून कोणता प्रश्न काढता येईल?

गाडी उलटी जोडली आहे, पण माल अगदीच वाया गेलेला नाही.

शंभर उत्तरांतून काढलेल्या टक्केवारीला, नमुना यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा) असला तरी, साधारण १० टक्के बिंदूंची वर-खाली अनिश्चितता असते. म्हणजे 'पन्नास टक्के लोक' याचा अर्थ चाळीस ते साठमध्ये कुठेही. ती ५ वर आणायला सुमारे ३८५ माणसं लागतात, ३ वर आणायला १,०६८. फॉर्म ओळखीच्यांत किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवून भरले असतील, तर हे हिशेबही लागू होत नाहीत, कारण नमुना यादृच्छिकच नाही. दोन गटांच्या सरासरीची तुलना करायची असेल, तर मध्यम आकाराचा फरक पकडायला प्रत्येक गटात ६४ जण पुरतात (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता ८० टक्के आणि नसलेला फरक योगायोगाने दिसण्याची ५ टक्के धरून). बारीक फरक पकडायला मात्र प्रत्येक गटात जवळपास ४०० लागतात. तुमच्या शंभरांत मुलगे ७० आणि मुली ३० असतील, तर बारीक फरकाची आशा सोडा.

मोह होईल तो पस्तीस प्रश्नांची आपापसांत तुलना करून जे 'सिग्निफिकंट' (निव्वळ योगायोगाने सहसा न येण्याइतकं) येईल त्याला प्रश्न म्हणून पुढे मांडण्याचा. तसं करू नका. खरा फरक कुठेच नसताना स्वतंत्र अशा वीस तुलना केल्या, तरी निव्वळ योगायोगाने किमान एक 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. निकाल पाहून गृहीतक लिहायचं आणि ते आधीपासूनच होतं असं दाखवायचं, या सवयीवर नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये सविस्तर लिहिलं होतं. तेव्हापासून परीक्षकही सावध झाले आहेत.

या शंभरांना प्राथमिक चाचणी समजा. कोणते प्रश्न लोकांना कळले नाहीत, कुठे सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, काय रिकामं सोडलं, ते पाहा. त्यातून एक प्रश्न निवडा, तो तारीख घालून लिहा आणि नव्या लोकांकडून माहिती गोळा करा. वेळच उरला नसेल, तर प्रबंधात 'हा प्राथमिक शोध आहे' असं ठळक लिहा आणि केलेल्या सगळ्या तुलना सांगा, फक्त जमलेल्या नव्हे.

माझ्याकडे प्रदेशवार आकडेवारी आहे. ज्या प्रदेशात स्थलांतरित जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसते. स्थलांतरित लोक जास्त शिकलेले असतात, असा निष्कर्ष काढू का?

नाही. नेमका हाच घोटाळा समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवला होता. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत, राज्यं एकक धरली तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी दिसत होती (सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती एकत्र बदलतात याचं उणे १ ते अधिक १ मधलं माप, उणे ०.५३). व्यक्ती एकक धरल्यावर उलटं निघालं : परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता किंचित जास्त होती (अधिक ०.१२). स्थलांतरित लोक मुळात साक्षर असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. तुमचा प्रश्न प्रदेशांबद्दल ठेवा, किंवा व्यक्तींची माहिती मिळवा.

काम सुरू झाल्यावर प्रश्न बदलला तर चालतो का? मुलाखती घेताना माझा मूळ प्रश्नच चुकीचा वाटायला लागला आहे.

मुलाखतींवर आधारलेल्या कामात प्रश्न बदलणं ही चांगली खूण आहे. लोक तुमच्या चौकटीत न बसणारं काही सांगत असतील, तर चौकट हलवायलाच हवी. फक्त बदलाची वही ठेवा : तारीख, जुना प्रश्न, नवा प्रश्न, कोणत्या मुलाखतीतल्या कोणत्या बोलण्यामुळे बदलला. आधीच्या मुलाखती नव्या प्रश्नाला पुरतात का, तेही पाहा. पुरत नसतील तर त्यांतल्या काही जणांना पुन्हा भेटावं लागेल. संमतिपत्रात सांगितलेल्या उद्देशाच्या बाहेर नवा प्रश्न जात असेल, तर नैतिकता समितीला आधी कळवा.

प्रयोगात मात्र ही मोकळीक नाही. म्हणूनच वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून अशी अट घातली की, रुग्णांवरच्या चाचण्यांची नोंदणी रुग्ण भरती करण्याआधी झालेली हवी. मुख्य परिणाम कोणता मोजणार, हे त्या नोंदीत लिहावं लागतं. मधे तो बदलला, तर कोणालाही पडताळून पाहता येतं.

गाईड मॅडमकडे पहिल्यांदा जायचं आहे. किती पानं लिहून नेऊ?

एक. वर प्रश्न, एका वाक्यात. त्याखाली संभाव्य उत्तरं, निदान तीन, आणि प्रत्येकापुढे 'असं निघालं तर काय म्हणता येईल?' याची एक ओळ. 'काहीच फरक दिसला नाही' हे उत्तर त्यात असायलाच हवं; त्यापुढे लिहायला काही सुचत नसेल, तर प्रश्नावर अजून काम बाकी आहे. मग माहिती कुठून मिळेल आणि तिथे परवानगी कोण देतं. शेवटी महिन्यांचं गणित : परवानगी, माहिती गोळा करणं, विश्लेषण, लेखन. परवानगीला वाटतो त्याच्या दुप्पट वेळ धरा. प्रश्नाचा आधीचा मसुदा मागच्या बाजूला लिहून न्या, म्हणजे काय सोडलं आणि का, हे मॅडमनी विचारल्यावर सांगता येईल.